सोलापूरच्या खांबांनाही डोकं असतं

एक काम करा. खिशातून दहाची नोट काढा. (यूपीआयच्या जमान्यात खिशात नोट असलीच तर!) गांधीजींच्या फोटोपासून थोडं बाजूला छोटेसे सिंह दिसतील. दिसतात तीन, असतात चार, हा क्विझमधला प्रश्न सगळ्यांना पाठ असतो. पण हे सिंह मुळात बसलेत कशावर, हे विचारलं की भलेभले गप्प होतात. ते बसलेत एका खांबाच्या डोक्यावर. सम्राट अशोकाने सारनाथला जो दगडी स्तंभ उभारला, त्याचा हा सगळ्यात वरचा भाग. १९०४-०५च्या उत्खननात तो सापडला आणि २६ जानेवारी १९५० रोजी देशाची राजमुद्रा झाला. म्हणजे आपण सगळे एका खांबाचं डोकं पाकिटात घेऊन फिरत असतो आणि समोरच्या खऱ्या खांबाकडे मात्र मान वर करून बघतसुद्धा नाही.

शुद्ध मराठीत याला स्तंभशीर्ष म्हणतात. शब्द जडच आहे, एमपीएससीच्या पेपरात शोभेल असा. पण प्रकार एकदम घरगुती. गावाकडे डोक्यावर घागर घेताना बायका आधी कापडाची चुंबळ ठेवतात ना, तेच हे. खाली खांब बारीक, वर तुळई जाडजूड. दोघांची थेट गाठ घातली तर सगळा भार एवढ्याशा जागेवर येणार. मग मध्ये एक रुंद तुकडा ठेवायचा. त्याने भार पसरतो, आणि त्याचे हात दोन्ही बाजूंना लांब काढले तर दोन खांबांमधलं अंतर तुळईसाठी तेवढंच कमी होतं. दगडाच्या तुळईला हे फार सोयीचं, कारण दगड दाबला तर कितीही सोसतो, पण वाकवला की तडकतो. बस्स, एवढंच त्याचं काम. काम झालं की मोकळी जागा उरते, आणि मोकळी जागा दिसली की जगातल्या कुठल्याही कारागिराचा हात शिवशिवतो. कुणी तिथे पानं काढली, कुणी बैल बसवले, कुणी दात दुखणारा माणूस काढला. त्याच्याकडे येऊच.

आता सोलापूर. सोलापूर म्हटलं की चादर, शेंगाचटणी, कडक भाकरी आणि ४२ डिग्री. पुण्यातल्या आयटी पार्कात दर तिसरा माणूस सोलापूरचा निघतो आणि सुट्टी लागली की हुतात्मा एक्स्प्रेसने घरी जातो, पण ‘तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे’ असं विचारलं की सिद्धेश्वराचं देऊळ सांगून विषय संपवतो. आता तर मुंबईहून वंदे भारतसुद्धा आहे, फेब्रुवारी २०२३पासून. तेव्हा बहाणा नको. एक वीकेंड काढा, आणि या वेळी फक्त खांबांची डोकी बघा. मान दुखेल, पण मजा येईल.

सुरुवात महापालिकेपासून करा. हो, महापालिकाच! तिच्या आवारातलं ‘इंद्रभुवन’ ही मूळची मल्लप्पा ऊर्फ अप्पासाहेब वारद या बड्या व्यापाऱ्याची हवेली. विसाव्या शतकाच्या तोंडावर सोलापुरात गिरण्यांचा पैसा खेळत होता. जुनी मिल १८७७मध्येच सुरू झालेली. त्या काळातल्या श्रीमंतीला साजेसा हा बंगला. लग्नाच्या केकसारखा दिसतो, असं एका मैत्रिणीने म्हटलं होतं आणि ते अगदीच चूक नाही. घुमट, पुतळे, कमानी, आणि जागोजागी विलायती धाटणीचे खांब. त्या खांबांच्या माथ्यावर पानांचा गुच्छ. समोर उभं राहून तो नीट बघा, कारण त्या पानांची गोष्ट भन्नाट आहे.

ती सांगितली व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. ग्रीसमधल्या कॉरिंथ गावात लग्नाच्या वयाची एक मुलगी आजारी पडून गेली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या वस्तू एका टोपलीत भरल्या आणि टोपली थडग्यावर नेऊन ठेवली. पावसापाण्याने खराब होऊ नये म्हणून वर एक कौल झाकलं. टोपली नेमकी ठेवली गेली अकँथस नावाच्या झुडपाच्या मुळावर. वसंत आला, पानं फुटली, टोपलीच्या कडेकडेने वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांना अडून बाहेर गोल वळली. कॅलिमॅकस नावाचा शिल्पकार तिथून चालला होता, त्याने ते बघितलं आणि त्यावरून खांबाचं डोकं घडवलं. खरं-खोटं व्हिट्रुव्हियस जाणे. पण तेव्हापासून अथेन्सपासून लंडनपर्यंत बँका, कोर्टं, पार्लमेंटं सगळ्यांनी तीच टोपली आणि तीच पानं डोक्यावर घेतली. पुढे इंग्रजांच्या बोटीत बसून ती आपल्याकडे आली. ग्रीसच्या माळावरचं काटेरी झुडूप सोलापूरच्या उन्हात, तेही गवंड्याच्या हाताने! ज्या माणसाने ते झुडूप जन्मात पाहिलं नसेल, त्याने ती पानं इथे घडवली. म्हणूनच अशी इंडियन पानं कधीकधी कोबीसारखी फुगीर दिसतात, कधी कमळाकडे झुकतात. मला तीच जास्त आवडतात. तंतोतंत कॉपी काय, कुणीही करेल.

इथे एक अमेरिकन किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. वॉशिंग्टनला कॅपिटॉलची इमारत उभी राहत होती तेव्हा बेंजामिन लट्रोब या आर्किटेक्टला वाटलं, आपला देश नवा, मग ग्रीकांचं झुडूप कशाला? त्याने १८०९मध्ये सिनेटकडच्या प्रवेशदालनात खांबांच्या डोक्यावर मक्याची कणसं काढली. साल थोडी सोललेली, आत दाणे, सगळं दगडात. खासदार जाम खूश झाले. मोठमोठ्या कामांना मिळाली नाही एवढी वाहवा या कणसांना मिळाली, असं त्याने थॉमस जेफरसनला कळवलं होतं. पुढे त्याने तंबाखूच्या पानांचे खांबसुद्धा केले. १८१४मध्ये इंग्रजांनी इमारत जाळली, तरी मक्याचे खांब वाचले. आजही आहेत.

मग इंद्रभुवनासमोर उभं राहिलं की डोक्यात किडा वळवळतोच. अप्पासाहेबांच्या गवंड्याला कुणी सांगितलं असतं, ‘बाबा, तुला काय आवडतं ते काढ,’ तर? शाळूचं कणीस आलं असतं! मंगळवेढ्याची ज्वारी, टपोरं, भरगच्च, खांबाच्या माथ्यावर मक्यापेक्षा कितीतरी शोभलं असतं. नाहीतर डाळिंब. दोघांनाही २०१६मध्ये जीआय टॅग मिळाला, म्हणजे कागदोपत्रीसुद्धा ती सोलापूरची झाली. नवीन काही बांधणाऱ्यांनी विचार करायला हरकत नाही. मॉलच्या दर्शनी भागावर रोमन खांब लावण्यापेक्षा तरी बरं दिसेल.

इंद्रभुवनातून निघून भुईकोट किल्ल्यात जा. किल्ला बहामनी काळातला, बाजूला सिद्धेश्वराचा तलाव. आत लोक वॉकला येतात, कॉलेजची पोरं-पोरी झाडाखाली बसलेली असतात, आणि त्यांना आपण जायला नको असतो! आपण बघायची ती ‘बत्तीस खांबी’. नावातच सगळं आलं. खांबांची रांगच रांग, सावली, गारवा. किल्ल्यातच एका जुन्या देवळाचे अवशेष आहेत, आणि तटबंदीत नीट बघितलंत तर देवळाचे कोरीव दगड इथे-तिथे चिणलेले दिसतात. कुठे फुलाची पट्टी आडवी, कुठे एखादी मूर्ती कलती.

यावरून भांडायला बसणारे बसोत, इतिहासात राजकारण असतंच आणि मोडतोडही असते. पण खांबाच्या नजरेने बघितलं तर एक वेगळीच गोष्ट दिसते. घडवलेला खांब इतका महाग असायचा, त्यात इतके दिवस आणि इतके हात गेलेले असायचे, की नव्या मालकाला तो फेकवत नसे. दिल्लीत कुतुबमिनारजवळच्या मशिदीत देवळांचे खांब एकावर एक रचून उंची गाठलीय. स्पेनमध्ये कॉर्दोबाच्या मशिदीत रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे खांब आणले, ते बुटके निघाले, म्हणून कारागिरांनी कमानीवर दुसरी कमान चढवली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या दुमजली कमानी आज जगभरच्या कॅलेंडरांवर असतात. जुगाड हा काही आपलाच फंडा नाही.

दुपारी ऊन तापलं की हॉटेलात परत या. सोलापूरच्या दुपारी काहीही बघायचं नसतं, हे सोलापूरकर सांगतील तेव्हा ऐकावं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघा. स्वतःची गाडी हवी. विजापूर रोडने दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर हत्तरसंग-कुडल. इथे भीमा आणि सीना एकमेकींना मिळतात. भीमेपलीकडे कर्नाटक. संगमावर दोन जुनी देवळं, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. हरिहरेश्वर तर मातीच्या ढिगाऱ्याखालीच होतं, १९९०च्या दशकाच्या शेवटाला सोलापूरच्या अभ्यासकांनी आणि विद्यार्थ्यांनी माती उपसून ते बाहेर काढलं. त्यातच ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग निघालं. फोटो तुम्ही पाहिला असेल. संगमेश्वराच्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी लेख आहे, अगदी जुन्या मराठी शिलालेखांपैकी एक. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. हे वाचेल त्याचा विजय होईल, अशा अर्थाचं त्यात शेवटी म्हटलंय. हजार वर्षांपूर्वीचा तो माणूससुद्धा वाचकांना मस्का लावत होता म्हणायचा!

तुळईवरचा लेख शोधायला मान वर गेलीच आहे, तर आता थोडं खाली बघा, खांबाच्या डोक्याकडे. या पट्ट्यातल्या चालुक्य आणि यादव काळातल्या देवळांचा खांब साधारण एकाच वळणाचा. खाली चौकोन, मध्ये कुठे अष्टकोन, मग गोल. एकावर एक कडी चढवल्यासारखे पट्टे, लेथवर फिरवून काढल्यासारखे गुळगुळीत. कर्नाटकातल्या मऊ दगडाला ते जमायचं. आपल्या काळ्या कातळाला ते करायचं म्हणजे छिन्नीची परीक्षा. वर तव्यासारखी चपटी चकती. आणि चकतीवर चार दिशांना पसरलेले चार हात. हेच स्तंभशीर्ष.

अनेक देवळांत या चार हातांच्या जागी माणसं बसवलेली असतात. बुटकी, ढेरपोटी, गुडघे फाकवून बसलेली, दोन्ही हात वर करून छत पेलणारी. आपल्याकडे यांना कीचक म्हणतात. गाइड लोक सांगतात, हा विराटाचा मेहुणा कीचक, द्रौपदीच्या वाटेला गेला म्हणून त्याला ही शिक्षा. गोष्ट रंगते, पण अभ्यासकांच्या भाषेत हे भारवाहक यक्ष, म्हणजे निव्वळ ओझं उचलणारे. सिन्नरचं गोंदेश्वर बघा, अंबरनाथचं शिवमंदिर बघा, भेटतीलच. गंमत म्हणजे हे पुतळे देवाचे नाहीत, त्यामुळे त्यांना नियम कमी. देवाची मूर्ती करायची तर शास्त्र आडवं येतं, किती ताल, किती हात, कुठलं आयुध. कीचकाला कोण विचारतो? मग कारागीर तिथे मोकळा सुटतो. एक कीचक मजेत हसतोय, एकाचे डोळे बाहेर आलेत, एकाने दात खाल्लेत, एक तर चक्क कंटाळलाय. तो सोमवार सकाळचा स्टँड-अप कॉल चालू असल्यासारखा चेहरा करून गेली आठशे-नऊशे वर्षं बसलाय. मला तो सगळ्यात जवळचा वाटतो.

ही सूट फक्त आपल्याच कारागिरांनी घेतली असं नाही. इंग्लंडमध्ये वेल्स कॅथेड्रलमध्ये खांबांच्या डोक्यावर पानापानांतून माणसं डोकावतात. त्यातला एक बोटाने ओठ ओढून दुखरा दात दाखवतोय. दुसरीकडे एकाच माथ्यावर सिनेमासारखी चार सीनची गोष्ट: दोघं बागेत द्राक्षं चोरतात, माळी बघतो, पाठलाग होतो, टाळक्यात दणका बसतो. वर गंभीर प्रार्थना चालू, आणि खांबावर द्राक्षचोर! फ्रान्समधल्या ओतँला येशूला भेटायला निघालेले तीन राजे एकाच गोल पांघरुणाखाली मुकुट घालून झोपलेत आणि देवदूत एकाच्या बोटाला हळूच स्पर्श करून त्याला उठवतोय. बोटाला! इतका हळुवारपणा दगडात, तोही खांबाच्या टोकाला, कुणाला दिसेल न दिसेल अशा जागी.

ऑक्सफर्डचा किस्सा तर कुठल्याही ऑफिसातला वाटावा. तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचं, १८६०मध्ये ते उघडलं, प्रत्येक खांबाचं डोकं वेगळं आहे. ओशे नावाचे आयरिश भाऊ रोज सकाळी बोटॅनिकल गार्डनमधून ताजी झाडं आणायचे आणि समोर ठेवून दगडात उतरवायचे. पुढे जेम्स ओशेने खिडकीवर माकडं कोरायला घेतली. विद्यापीठातल्या बड्या मंडळींना ते खपलं नाही. वाद झाला. मग पठ्ठ्याने प्रवेशद्वारावर पोपट आणि घुबडं कोरायला सुरुवात केली, आणि ही मंडळी कोण ते सगळ्यांना बरोबर कळलं. त्यांची डोकी त्याला छाटायला लावली. अर्धवट उरलेली ती पाखरं आजही तिथे आहेत. अप्रेझलमध्ये काय झालं ते तुमचं तुम्ही समजून घ्या.

इतकं लांब कशाला, रोज सीएसएमटीला उतरणाऱ्यांनो, १८८८मध्ये पुरी झालेली तुमची स्टेशनची इमारतसुद्धा अशीच. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा आराखडा, आणि कोरीव कामावर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात. पानाफुलांतून प्राणी-पक्षी डोकावतात. सोलापूरची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी तिथेच जाते. नऊ-बाराची फास्ट चुकली असेल तेव्हा तरी वर बघा. आणि लोणावळ्याला भजी खायला जाणाऱ्यांनो, कार्ल्याची लेणी तिथून दोन पावलांवर आहेत. चैत्यगृहात ३७ खांब. दोन्ही बाजूंच्या १५-१५ खांबांच्या डोक्यावर घंटेसारखा आकार, त्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि हत्तींवर जोडपी. काही खांबांवर दान देणाऱ्याचं नाव कोरलंय, त्यात धेनुकाकट गावचे यवनही आहेत. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे, डोक्याशिवाय. बजेट संपलं की तिथवर कुणाची नजर जात नाही म्हणून, ते सांगायला कुणी उरलेलं नाही.

दगडाचं बरं असतं. तो टिकतो, त्याच्यावर पुरातत्त्व खात्याची निळी पाटी लागते. लाकडाचं तसं नाही. खरी गोष्ट इथून सुरू होते.

सोलापूरच्या जुन्या पेठांत, बाळीवेशीकडे, चाटी गल्लीच्या आजूबाजूला, अजून काही वाडे उभे आहेत. यांचं छप्पर कौलारू नाही, माळवदाचं. म्हणजे खांब, त्यावर तुळया, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारेगार. पण माती म्हणजे ओझं, आणि दर पावसाळ्यापूर्वी तिची डागडुजी. एवढं ओझं पेलायला खांब जवळजवळ लावावे लागत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती मोठं, तर इतके खणी. स्क्वेअर फुटाची भाषा नंतरची. आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर नावेच्या आकाराचा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना कोरलेला. खांब खाली दगडी तळखड्यावर टेकलेला, जमिनीत पुरलेला नाही, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही लांब.

माझ्या मावशीच्या सासरचा असा वाडा आहे. आहे म्हणजे या दिवाळीपर्यंत आहे. भाऊबंदांची सही झाली, बिल्डरचं ठरलं, पार्किंग प्लस पाच. मावशीने फोन केला, “तुला असलं काय काय आवडतं की गं. येऊन बघून जा एकदा. नंतर म्हणशील सांगितलं नाहीस.”

ओसरीवर सात खांब. सागवानी, तेलाने आणि पाठी टेकून टेकून काळेभोर झालेले. सातांच्या डोक्यावर दोन्ही टोकांना पोपट, मध्ये कमळ, खाली लोंबतं केळफूल. मावशीच्या सासूबाई, सगळ्यांच्या अज्जी, घरात कन्नड बोलतात आणि आमच्याशी मराठी. त्या खांबाला ‘कंब’ म्हणतात आणि त्याच्या डोक्याला ‘बोदिगे’. इतका वेळ मी स्तंभशीर्ष स्तंभशीर्ष करत होते आणि हिच्याकडे रोजच्या वापरातला, चमचा-वाटीसारखा शब्द होता! तुम्ही लहान असल्यापासून आहेत का हे, असं विचारलं तर हसल्या. “मी लग्न होऊन आले तेव्हा म्हातारेच होते.”

तिसऱ्या खांबाला पाळण्याची दोरी बांधायचे, त्याला खाच पडलीय. पाचव्यावर पोरांच्या उंचीच्या रेघा, त्यात मावसभावाची १९९१ची. आणि शेवटच्या खांबावरचा एक पोपट उलटा आहे. बाकी तेराजण बाहेर बघतात, हा आत. घरातली गोष्ट अशी, की सुताराचे पैसे थकले होते, म्हणून त्याने शेवटच्या पोपटाला मालकाकडे पाठ करायला लावली. मालक कुठे बसायचे ते अज्जींनी जागेसकट दाखवलं. आणि खरंच, तिथून पोपटाचं शेपूटच दिसतं. ओशे आडनावाचा माणूस या गल्लीतही होऊन गेला म्हणायचा.

आता प्रश्न भावाचा. म्हणजे दराचा. जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन गेला, तो घनफुटावर बोलतो, त्याला पोपटाशी देणंघेणं नाही. सागवान चांगलंय, चौकटी निघतील म्हणाला. दुसरा आला तो पुण्याहून, कॅफेचं इंटिरियर करणारा. त्याला खांब नकोत. नुसती डोकी हवीत. “वरचा पीस कट करून द्या, मी कन्सोल टेबल करतो, काच टाकून.” पैसे पहिल्यापेक्षा जास्त देतो. मावशीला व्यवहार कळतो, तिने आकडा लिहून घेतला. अज्जी ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, “अन् खालचं?” त्यावर तो म्हणाला, खालचं तुम्ही दुसऱ्याला विका.

मला राग आला, हे खरं. पण रागावून बसण्याइतकी मी तरी कोण? बाणेर-बालेवाडीच्या कितीतरी हॉटेलांत असे खांब उभे असतात. वर तुळई नाही, माळवद नाही, नुसतं एसीचं डक्ट. त्यांना टेकून आपणच सेल्फी काढतो, ‘व्हिंटेज वाइब्ज’ म्हणून टाकतो. मागणी आपलीच आहे. आणि मावशीने काय करावं? माळवद गळतं, भिंतीत घूस शिरते, अज्जींना संडासला अंगण ओलांडून जावं लागतं. फ्लॅटमध्ये लिफ्ट असेल, कमोड असेल. वाडा पाडू नका म्हणणाऱ्या कुणीही एक पावसाळा तिथे काढून दाखवावा.

पण पाडणं वेगळं आणि डोकं कापणं वेगळं. चुंबळ आणि घागर वेगळी केली तर चालते, खांबाचं तसं नसतं. हे सात खांब खिळा न मारता एकात एक बसवलेत. जसे चढवले तसे अलगद उतरवता येतात, नंबर टाकून. ते काम येणारे सुतार अजून आहेत, फक्त जेसीबीपेक्षा आठ दिवस जास्त लागतात. आठ दिवस बिल्डरला चालतील का, यावर गेले दोन रविवार फॅमिली ग्रुपवर खल चाललाय. एकाचं म्हणणं, नव्या बिल्डिंगच्या एंट्रन्सला चार खांब लावून घ्या, करारात लिहा. बिल्डर तोंडी हो म्हणतो. मावशी म्हणते, तोंडी काही नको, स्टँप पेपरवर दे.

वाकडला राहणाऱ्या मावसभावाला उलट्या पोपटाचा खांब हवाय. रेघांचाही हवाय, पण त्यावर त्याच्या बहिणीने आधीच हक्क सांगितलाय. त्याच्या फ्लॅटची उंची साडेनऊ फूट, हॉलमध्ये फॉल्स सीलिंग, उरले नऊ. खांब तळखडा सोडून आठ फूट. म्हणजे बसतो. वर काहीच पेलायचं नाही, नुसता उभा राहील, त्याबद्दल मी काही बोलले नाही. तसाही तो आत बघणारा पोपट आहे, टीव्हीकडे पाठ करून ठेवता येईल. अडचण लिफ्टची. दादाने परवा टेप लावून मोजली आणि ग्रुपवर टाकलं. सरळ मावत नाही. वॉचमन म्हणतो, तिरका घातला तर जाईल.